संकटातील प्रार्थना आणि सुटकेनंतरची बुद्धी

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ या दोन म्हणी आपण सहसा वेगवेगळ्या प्रसंगी वापरतो. पण थोडा विचार केला तर असे दिसते की, या दोन्ही म्हणींतला माणूस एकच आहे. पहिलीत तो संकटात सापडलेला आहे आणि दुसरीत त्यातून सुटलेला आहे. बदलली आहे ती त्याची परिस्थिती. आणि परिस्थितीबरोबर त्याची बुद्धीही बदलली आहे. माणसामाणसांच्या व्यवहारात या वृत्तीला आपण कृतघ्नपणा म्हणून मोकळे होतो. परंतु माणूस आणि देव यांच्या संबंधात तीच वृत्ती दिसली की प्रश्न इतका सोपा राहत नाही. संकटात तोंडून निघालेल्या प्रार्थनेचे मोल किती मानावे? आणि सुटकेनंतर त्या सुटकेचे स्वाभाविक कारण बुद्धीला सापडले, तर ती प्रार्थना खोटी ठरते काय?

असा प्रश्न एखाद्या भाष्यग्रंथाच्या आधारे चर्चावा, ही रीत. येथे तो एका विनोदी अमेरिकन चित्रपटाच्या निमित्ताने मांडीत आहे, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. गंभीर प्रश्न कधी कधी हसत हसतच घरात शिरतात.

‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ म्हणजे ‘बंधो, तू कोठे आहेस?’ हा जोएल व ईथन कोएन या दोघा भावांचा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यावर तो आधारलेला असल्याचे त्याच्या श्रेयनामावलीतच सांगितले आहे. गंमत अशी की, ते महाकाव्य आपण मुळातून समग्र वाचलेले नव्हते, हे या भावांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी कितीजणांनी महाभारताची अठरा पर्वे मुळातून वाचली आहेत? तरीही द्रौपदीचा धावा आपल्याला ठाऊक असतो. तो कीर्तनातून, पुराणातून, आजीच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचलेला असतो. जे न वाचताही लोकांच्या स्मरणात राहते, तेच खरे महाकाव्य.

कोएन बंधूंनी ग्रीसचा समुद्र सोडून कथा १९३७ च्या मिसिसिपी राज्यात आणली आहे. तो अमेरिकेतील महामंदीचा काळ. नायकाचे नाव युलिसिस एव्हरेट मॅकगिल. युलिसिस हे ओडिसियसचेच लॅटिन नाव. ही भूमिका जॉर्ज क्लूनी या नटाने केली आहे. पीट आणि डेलमार या दोघा सोबत्यांसह तो साखळदंडासकट कैदेतून पळतो. एका दरीतील आपल्या घराजवळ बारा लाख डॉलरांचे धन पुरले आहे आणि चार दिवसांत ती दरी धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे, असे त्याने सोबत्यांना सांगितलेले असते. वाटेत त्यांना रेल्वेच्या रुळांवरून हातगाडी चालवीत जाणारा एक आंधळा वृद्ध भेटतो. तो भाकीत करतो की, तुम्हांला धन मिळेल, पण तुम्ही शोधता ते नव्हे. आणि त्याआधी तुम्ही अनेक नवले पाहाल, कापसाच्या कोठीच्या छपरावर उभी असलेली गायसुद्धा पाहाल. हा आंधळा म्हणजे होमरचा भविष्यवेत्ता टायरेसियस. पुढे नदीकाठी कपडे धुता धुता गाऊन भुरळ घालणाऱ्या स्त्रिया भेटतात. बायबल विकत फिरणारा एक धिप्पाड एकाक्ष ठक भेटतो. आणि घरी पत्नी पेनी, सात मुलींची आई, दुसऱ्याच गृहस्थाशी लग्न करावयास निघालेली असते. मूळ काव्यातील सायरेन, एकाक्ष राक्षस पॉलीफेमस आणि पेनेलोपी ही मंडळी अशी नव्या वेषात येतात.

एव्हरेट हा बुद्धिवादी आहे; किंवा आपण तसे आहोत अशी त्याची ठाम समजूत आहे. पांढरी वस्त्रे ल्यालेला भाविकांचा समुदाय गात गात नदीवर येतो, डेलमार आणि पीट त्या पाण्यात बाप्तिस्मा घेतात आणि आपली पापे धुऊन निघाली म्हणून आनंदतात. तेव्हा एव्हरेट त्यांची टर उडवितो. पुढे टॉमी नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक भेटतो. चौरस्त्यावर आपण आपला आत्मा सैतानाला विकला, असे तो सांगतो. त्यावर एव्हरेटचे म्हणणे असे की, दोघे देवाचे झाले, एक सैतानाचा झाला, कोणत्याच बाजूला न गेलेला असा मीच काय तो उरलो! हे वाक्य ऐकून आपण हसतो. पण त्या हसण्यात थोडी ओळखही असते. असा एखादा एव्हरेट आपल्या घरात नसला तर आपल्या मनात तरी असतोच.

आणि मग तो प्रसंग येतो. गव्हर्नराने माफी जाहीर केलेली असूनही, काळा चष्मा लावलेला एक क्रूर शेरीफ त्या दरीत त्यांची वाट पाहत असतो. झाडाला फास टांगलेले आहेत, थडगी खणून तयार आहेत. आता बुद्धीचा, वक्तृत्वाचा, कायद्याचा काही उपयोग उरलेला नाही. धनाची गोष्ट निखालस खोटी होती. एव्हरेटला केवळ पत्नीचे लग्न थांबवावयाचे होते आणि साखळीने जखडलेल्या सोबत्यांना घेतल्यावाचून त्याला पळताच येत नव्हते. पीटच्या शिक्षेचे तर दोनच आठवडे उरले होते. अशा या माणसाला फासासमोर गुडघे टेकवून देवाची करुणा भाकावी लागते. मी गर्विष्ठ होतो, लबाडीने वागलो, तुझ्याकडे पाठ फिरविली, अशी कबुली तो देतो. मुलींना पुन्हा एकदा पाहू दे म्हणतो. आणि केवळ स्वतःसाठी नव्हे, तर टॉमी, डेलमार व पीट यांच्यासाठीही दया मागतो. इतक्यात पाण्याचा प्रचंड लोंढा येतो आणि फास, थडगी, शेरीफ, सर्वच त्याखाली जाते. हे चौघे मात्र तरंगत वर येतात.

पीट आणि डेलमार यांना हा उघड चमत्कार वाटतो. एव्हरेटला तसे वाटत नाही. पाण्यातून डोके वर काढताच त्याची जुनी बुद्धीही वर येते. संकटात माणूस काहीही बरळतो. ही दरी विजेसाठी बुडविण्यात आली आहे. आता घरोघर वीज येईल, जुन्या भाबड्या समजुती जातील आणि विवेकाचे युग अवतरेल, असे व्याख्यान तो पाण्यात तरंगता तरंगताच देऊ लागतो. तेवढ्यात त्याची दृष्टी समोर जाते. एका बुडालेल्या कोठीच्या छपरावर एक गाय शांतपणे उभी आहे. एव्हरेट गप्प होतो.

येथे एव्हरेटची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कारण ती बाजू हलकी नाही. तो म्हणतो ते वस्तुस्थितीला धरून आहे. दरी बुडणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झाले होते आणि त्याची धरणे त्या दशकात खरोखरच दऱ्या बुडवून वीज निर्माण करीत होती. प्रार्थना केली नसती तरी दरवाजे बंद झालेच असते आणि पाणी चढलेच असते. मग प्रार्थनेने केले काय? कार्यकारणाची साखळी पुरी असताना तिच्यात ईश्वरी कृपेची एक कडी आणखी घुसविण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला नास्तिक म्हणून हिणविणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. आपल्या दर्शनकारांनी पूर्वपक्ष जितका बळकट करता येईल तितका बळकट करूनच त्याला उत्तर दिले. ती परंपरा आपण सोडू नये.

मला वाटते, या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटते. एव्हरेटच्या प्रार्थनेचे दोन भाग होते. एक याचना, दुसरी कबुली. ‘मला वाचव’ ही याचना. ‘मी गर्विष्ठ होतो, मी फसविले’ ही कबुली. लोंढ्याचे कारण काय, हा प्रश्न फक्त याचनेला लागू पडतो. पाणी देवाने पाठविले की अभियंत्याने सोडले, यावर खुशाल वाद घालावा. पण कबुलीचे काय? ती तर अक्षरशः खरी होती. त्याने सोबत्यांना फसविले होते, हे फासासमोर जितके खरे होते तितकेच पाण्यावर तरंगतानाही खरे आहे. धरणाच्या हिशेबाने ते खोटे होत नाही. परंतु एव्हरेट याचना निरर्थक ठरविता ठरविता तिच्याबरोबर कबुलीही पाण्यात सोडून देतो. संकटात माणूस काहीही बरळतो, या एका वाक्याने तो आपल्या आयुष्यातील सर्वांत खरे बोलणे बरळणे ठरवितो. नुकसान देवाचे होत नाही. त्याला आभाराची गरज काय? नुकसान एव्हरेटचे होते. क्षणभर झालेले आत्मदर्शन तो स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी श्रेष्ठ खराच. पण विशेष हे की, आर्तालाही भगवंतांनी पुण्यवंतांच्या पंक्तीतून उठविलेले नाही. संकटात हाक मारणे हे हलके नाही. गजेंद्राने कमळ उचलून धावा केला तो पाय मगरीच्या तोंडात असतानाच. आर्तपणात माणसाचे सोंग गळून पडते, म्हणून त्याची ती हाक प्रांजळ असते. प्रश्न एवढाच की, आर्ताने आर्तपण संपल्यावर काय करावे. आपल्या देवस्थानांत नवस बोलण्याची आणि फेडण्याची चाल आहे. तिच्यात सौदा शिरतो हे नाकारता येत नाही. पण तिच्या मुळाशी एक चांगली गोष्ट आहे. सुटलेल्या माणसाने पुन्हा त्याच पायरीवर यावे आणि आपण येथे काय बोललो होतो हे आठवावे, अशी ती सोय आहे. नारळ नि पेढे ही त्या आठवणीची केवळ खूण होय.

केनोपनिषदातील कथाही येथे आठवते. देवांनी असुरांवर जय मिळविला आणि हा आपलाच महिमा असे ते मानू लागले. तेव्हा ब्रह्म यक्षरूपाने त्यांच्यापुढे प्रकट झाले आणि त्याने एक काडी ठेवली. अग्नीला ती जाळता आली नाही, वायूला ती हलविता आली नाही. शेवटी उमा हैमवतीने इंद्राला सांगितले की, तो जय ब्रह्माचा होता. या कथेत अग्नी दाहक नाही, वायू बलवान नाही, असे कोठेच म्हटलेले नाही. त्यांची शक्ती खरीच होती. चुकली होती ती शक्तीची मालकी. विजेचे आणि धरणाचेही तसेच. एव्हरेटचे विज्ञान चूक नव्हते. त्या विज्ञानाच्या आडून त्याने जो ‘मी’ पुन्हा उभा केला, तो चूक होता.

आता होमरकडे वळले की चित्रपटातील थट्टा किती अचूक आहे हे कळते. मूळ ओडिसियसही बुद्धीचा अवतारच. पण तो अश्रद्ध नाही. काव्याच्या पाचव्या सर्गात समुद्राने झोडपलेला ओडिसियस एका अनोळखी नदीच्या मुखाशी येतो आणि, तू कोणीही असशील, मी शरणागत आहे, अशी त्या नदीदेवाची करुणा भाकतो. नदी आपला प्रवाह आवरून धरते आणि त्याला सुखरूप काठाला लावते. आर्ताची हाक आणि तिला उत्तर देणारे पाणी, हा प्रसंग असा मुळातच आहे. फरक पुढे पडतो. तेराव्या सर्गात मातृभूमी इथाकेला पोचल्याची खातरी पटल्यावर ओडिसियस भूमीचे चुंबन घेतो आणि तेथील जलदेवतांना वंदन करतो. नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसाला आंधळे करून गलबतावरून स्वतःचे नाव गर्जून सांगणारा आणि त्या एका अहंकारापायी समुद्रदेव पोसायडनचा कोप ओढवून घेणारा हाच तो माणूस. पण बावीसाव्या सर्गात पत्नीच्या मागे लागलेल्या उन्मत्तांचा वध झाल्यावर वृद्ध दाई हर्षाने ओरडू लागते, तेव्हा तो तिला आवरतो: मेलेल्यांवर मिरवू नये, देवांच्या नियतीने आणि स्वतःच्या कर्मांनी हे मेले आहेत. आपली बुद्धी शाबूत ठेवून तो नम्र झाला होता. एव्हरेटने नायकाची बुद्धी घेतली, ही नम्रता तेवढी वाटेत विसरली.

एका बाबतीत मात्र विनोदी चित्रपट महाकाव्याहून अधिक दयाळू आहे. होमरचे सोबती स्वतःच्या अविचाराने एकूणएक मरतात आणि ओडिसियस एकटा घरी परततो. चित्रपटात फसविले गेलेले सोबतीही वाचतात. ज्याने त्यांना फासापर्यंत आणले, त्याच्याच प्रार्थनेत त्यांची नावे होती, हे येथे विसरून चालणार नाही.

परंतु कृतज्ञतेच्या भरात आणखी एक प्रश्न झाकला जाऊ नये. ज्या पाण्याने चौघांना तारले, त्याच पाण्याने कोणाची तरी घरे बुडाली. टेनेसी खोऱ्यातील १९३६ साली पुऱ्या झालेल्या नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे उठली आणि हजारो थडगी हलवावी लागली. गोमंतकातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे जन्मगाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. तेथील कदंबकालीन महादेवाचे मंदिर दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. वैशाखात पाणी ओसरते तेव्हा विस्थापित गावकरी तेथे जमतात. हिंदू आपल्या देवाचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या चॅपेलपाशी प्रार्थना करतात. दक्षिण गोव्याच्या घरांत त्या जलाशयाचे पाणी नळाने येते. ते पाणी कोठून येते हे अभियंता सांगेल. पण ते कोणाच्या अंगणावरून येते हे आठवणे, हे पिणाऱ्याचे काम आहे. कारण समजले म्हणून ऋण फिटत नाही. एव्हरेटला विजेचे दिवे दिसले, बुडालेल्या अंगणांची त्याला आठवण झाली नाही. दोन्ही विस्मरणे एकाच जातीची आहेत. देवाचे देणे विसरणारा शेजाऱ्याचे देणे लक्षात ठेवील, असा भरवसा मला तरी वाटत नाही.

अशा विषयाला विनोद शोभतो काय, असे कोणी विचारील. चित्रपटाच्या नावातच त्याचे उत्तर आहे. हे नाव प्रेस्टन स्टर्जिस याच्या १९४१ च्या ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ या चित्रपटातून घेतलेले आहे. त्यातील विनोदी बोलपटांच्या दिग्दर्शकाला दीनदुबळ्यांच्या दुःखावर याच नावाचा एक गंभीर चित्रपट काढावयाचा असतो. नशिबाच्या फेऱ्याने तो स्वतःच साखळदंडाच्या कैदेत पडतो. तेथे एका गरीब कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये कैद्यांना एक व्यंगपट दाखवितात, आणि ते हसू लागतात तेव्हा त्याला उमगते की, काहींच्या वाट्याला हसण्यावाचून दुसरे सुखच नसते. आपल्याकडेही देवळाच्या प्रांगणात दशावतार रंगतो तेव्हा संकासुर लोकांना पोट धरून हसवितो, आणि त्याच रंगभूमीवर मग विष्णू प्रकट होतो. त्यामुळे भक्तीला बाध येतो असे कोणाला वाटले नाही. विनोदाने देव लहान होत नाही. लहान होतो तो आपला अहंकार, आणि ते इष्टच आहे.

म्हणूनच चित्रपट एव्हरेटला शिक्षा करीत नाही, पण मोकळाही सोडीत नाही. पेनेलोपीने पतीची परीक्षा घेतली ती जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यातून घडविलेल्या पलंगावरून. ओडिसियस त्या परीक्षेला उतरला. पेनी आपली लग्नाची अंगठी मागते; एव्हरेट आणतो ती दुसरीच निघते. खरी अंगठी त्या दरीतल्या घरी राहिली. आता ती तळ्याच्या तळाशी आहे, आणि तिच्यावाचून लग्न नाही, असा पेनीचा निश्चय आहे. ज्या पाण्याचा अर्थ एव्हरेटने एका वाक्यात सांगून टाकला होता, त्याच पाण्याकडे त्याला पुन्हा वळावे लागणार आहे.

छपरावरील गायीचेही स्वाभाविक कारण सांगता येईल. पाणी चढू लागले, गाय उंच जागी गेली. यात नवल ते काय? एव्हरेटला हे सुचले नसते असे नाही. तरीही तो गप्प झाला. त्या चार क्षणांत त्याला देव दिसला असे मी म्हणणार नाही. पण त्याचे बोलणे थांबले, आणि थोड्या वेळापूर्वी आपण गुडघ्यावर बसून काय बोललो होतो ते ऐकू येण्यास तेवढी शांतता पुरेशी होती. आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा रुग्णशय्येपाशी, अपघाताच्या रात्री, मुलाच्या उशाशी असे काही बोललेले असते. संकट का टळले याची चर्चा अवश्य करावी. मात्र त्या रात्री आपण स्वतःविषयी जे खरे बोललो, ते सकाळी खोटे ठरवू नये.